भूगोलाच्या परीक्षेत गुण कुठे गळतात आणि ते कसे वाचवायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भूगोलाचे पेपर तपासताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. काहीच न वाचलेली मुलं फार थोडी असतात. वाचलेलं योग्य जागी मांडता न आलेली मात्र भरपूर. खालचे प्रश्न विद्यार्थी आणि अधूनमधून त्यांचे पालक विचारत असतात. काहींची उत्तरं चार ओळींत संपतात, काहींसाठी नकाशा पसरून बसावं लागतं.

धडा पाठ असतो, तरी गुण कमी का येतात?

कारण भूगोल मुख्यतः दोन गोष्टी विचारतो: कुठे, आणि तिथेच का. पाठांतरातून बहुतेक वेळा 'काय' तेवढंच बाहेर पडतं. अटाकामा वाळवंट इतकं कोरडं का, या प्रश्नाला हमखास असं उत्तर येतं: "अटाकामा हे जगातील अत्यंत कोरडे वाळवंट आहे. तेथे पाऊस फार कमी पडतो. त्यामुळे तेथे वनस्पती कमी आहेत." तिन्ही वाक्यं खरी आहेत आणि एकातही उत्तर नाही. पहिली दोन प्रश्नच पुन्हा सांगतात, तिसरं परिणामाकडे निघून जातं.

आता जागेपासून सुरुवात करू. अटाकामा दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, मकरवृत्ताच्या आसपास आहे. हा जास्त दाबाचा पट्टा. इथे हवा वरून खाली येते, खाली येताना तापते आणि ढग तयार होत नाहीत. किनाऱ्यालगत हम्बोल्ट हा थंड प्रवाह वाहतो, त्यामुळे समुद्राजवळची हवा थंड राहते आणि वर चढत नाही. धुकं पडतं, पाऊस पडत नाही. पूर्वेकडून येणारं बाष्प अँडीज पर्वत अडवतो. झाले तीन मुद्दे, आणि तिन्ही कारणं सांगणारे.

आता हीच साखळी उचलून आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर ठेवा. हम्बोल्टच्या जागी बेंग्वेला प्रवाह लिहा. नामिब वाळवंटाचं उत्तर बरंचसं तयार झालं. अँडीज मात्र तिकडे न्यायचा नाही. तशी उत्तरंही तपासायला येतात.

'भौगोलिक कारणे द्या' या प्रश्नात नेमकं काय लिहायचं?

तुमच्या उत्तरातल्या प्रत्येक दोन वाक्यांमध्ये 'त्यामुळे' हा शब्द घालून वाचा. अर्थ लागला तर साखळी जोडलेली आहे. अडखळला तर मधली कडी गायब आहे.

रशियाचं मुर्मान्स्क बंदर घ्या. ते सुमारे ६९° उत्तर अक्षांशावर, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्याही आत आहे. तरीही हिवाळ्यात ते सुरू असतं, आणि त्याच्यापेक्षा दक्षिणेला असलेला कॅनडाचा हडसन उपसागर मात्र गोठतो. मुलं लिहितात, "उष्ण प्रवाहामुळे मुर्मान्स्क गोठत नाही." बरोबर आहे, पण हा एका गुणाचा मजकूर झाला. तीन गुणांसाठी प्रवास दाखवा: गल्फ प्रवाह उष्ण प्रदेशातलं पाणी ईशान्येकडे आणतो, तेच पाणी पुढे उत्तर अटलांटिक प्रवाह म्हणून नॉर्वेच्या किनाऱ्याने बॅरेंट्स समुद्रात पोहोचतं, त्यामुळे तिथल्या पाण्याचं तापमान गोठणबिंदूच्या वर राहतं, त्यामुळे जहाजांची ये-जा वर्षभर चालते. शेवटचं वाक्य प्रश्नातल्या शब्दांपाशी येऊन थांबलं पाहिजे. प्रश्न बंदराचा असेल तर उत्तर बंदराशी संपवा, प्रवाहाशी नाही.

उंचीच्या प्रश्नांतही हेच. किलिमांजारो विषुववृत्तापासून जेमतेम तीन अंश दक्षिणेला आहे, तरी त्याच्या माथ्यावर बर्फ आहे. "उंची जास्त असल्यामुळे" हे अर्धं उत्तर. दर १ किलोमीटर उंचीला तापमान साधारण ६.५° सेल्सिअसने घटतं आणि शिखर ५,८९५ मीटरवर आहे, म्हणजे समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे ३८° ची घट. हा छोटा हिशेब उत्तरात आला की तुम्हाला कारण समजलेलं आहे हे परीक्षकाला वेगळं शोधावं लागत नाही.

वर्णन करा, स्पष्ट करा, फरक सांगा: यात खरंच इतका फरक असतो?

असतो. 'वर्णन करा' म्हणजे जे दिसतं ते सांगा. 'स्पष्ट करा' म्हणजे ते तसं का आहे ते सांगा. 'फरक सांगा' असेल तर एकाच निकषावर दोघांना समोरासमोर उभं करा. हिमनदीची दरी 'यू' आकाराची असते आणि नदीची दरी नदीच्या पाण्याने तयार होते, हा फरक नव्हे. एकीकडे आकार सांगितला, दुसरीकडे कर्ता. आकार सांगायचा तर दोन्हींचा सांगा: 'यू' आणि 'व्ही'. प्रश्न वाचताना क्रियापदाखाली रेघ मारायची सवय लावा. दहा सेकंदांचं काम आहे.

जगाच्या नकाशातली ठिकाणं लक्षातच राहत नाहीत. काय करू?

नकाशा बघून पाठ होत नाही, हाताने काढून होतो. पण शंभर नावं सुटी सुटी पाठ करायला जाऊ नका. आधी खुंट्या ठोका, मग त्यांना नावं अडकवा.

पहिली खुंटी विषुववृत्त. ते ॲमेझॉनच्या मुखापाशी दक्षिण अमेरिका सोडतं, काँगोच्या खोऱ्यातून आणि व्हिक्टोरिया सरोवरावरून जातं, पुढे सुमात्रा आणि बोर्निओ कापतं. कर्कवृत्त मेक्सिको, सहारा, अरबस्तान, भारत आणि दक्षिण चीनमधून. मकरवृत्त ब्राझीलमध्ये साओ पावलोजवळून, मादागास्करच्या दक्षिण भागातून आणि ऑस्ट्रेलियाच्या मधोमध. शून्य रेखावृत्त लंडनच्या ग्रिनिचमधून निघून खाली घानात उतरतं. या चार रेषा कोऱ्या नकाशावर बिनचूक आल्या की बाकीची ठिकाणं 'कर्कवृत्ताच्या थोडं वर', 'शून्याच्या डावीकडे' अशी आपोआप बसू लागतात.

मग नेहमीच्या चुका एकदा डोळे उघडे ठेवून बघून घ्या. दक्षिणेकडचे तीन भूखंड एकाच ओळीत संपतात असं बहुतेकांच्या मनातल्या नकाशात असतं. प्रत्यक्षात आफ्रिका सुमारे ३५° दक्षिणेला संपते, ऑस्ट्रेलियाची मुख्य भूमी सुमारे ३९° ला आणि दक्षिण अमेरिका थेट ५६° पर्यंत खाली जाते. दुसरी चूक म्हणजे दक्षिण अमेरिका उत्तर अमेरिकेच्या बरोबर खाली आहे ही समजूत. जवळजवळ अख्खी दक्षिण अमेरिका मायामी शहराच्या पूर्वेला आहे! आकारांच्या बाबतीत भिंतीवरचा नकाशा फसवतो तो वेगळाच. नकाशाकार गेरार्डस मर्केटरने १५६९ मध्ये मांडलेलं प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायची पद्धत, दर्यावर्दींसाठी होतं. दिशा अचूक ठेवायच्या म्हणून ध्रुवांकडचे प्रदेश त्यात फुगतात. त्यात ग्रीनलँड आफ्रिकेएवढा दिसतो, पण आफ्रिका त्याच्या सुमारे चौदा पट आहे. शक्य असेल तेव्हा पृथ्वीगोल हातात घ्या.

सराव असा करा. कोरा नकाशा घ्या, पुस्तक बंद करा, दहा ठिकाणं भरा, मग उघडून तपासा. चुकलेली लाल पेनने नीट करा आणि दुसऱ्या दिवशी फक्त चुकलेलीच पुन्हा भरा. बघून बघून भरलेला सुंदर नकाशा म्हणजे नुसतं रंगकाम.

माझी चित्रकला कच्ची आहे. नकाशे आणि आकृत्यांचे गुण जाणारच ना?

नाही. सुबकपणाला भाव कमी, अचूकपणाला जास्त. ठिकाण टिंबाने दाखवा आणि नाव आडवं लिहा. नदीचं नाव तिच्या प्रवाहाला धरून, पर्वताचं रांगेला धरून. नकाशात वापरलेली प्रत्येक खूण सूचीत हवी आणि सूचीतली प्रत्येक खूण नकाशात. नदी समुद्राला मिळेपर्यंत काढा. मुख सोडून मध्येच संपलेल्या नद्या दर परीक्षेत दिसतात. आकृतीत नावं नसतील तर ती आकृती नाही, नक्षी आहे.

स्थानिक वेळेच्या गणितात वेळ मिळवायची की वजा करायची, हे दर वेळी चुकतं.

पृथ्वी २४ तासांत ३६०° फिरते, म्हणून १५° ला १ तास आणि १° ला ४ मिनिटं. इथपर्यंत सगळ्यांना येतं. गोंधळ दिशेचा असतो. एकच वाक्य पक्कं करा: सूर्य पूर्वेकडे आधी उगवतो, म्हणून पूर्वेचं घड्याळ पुढे.

एक उदाहरण पायरीने करू. १२०° पश्चिम रेखावृत्तावर सोमवारी रात्रीचे ८ वाजले आहेत, तर ९०° पूर्व रेखावृत्तावर किती वाजले? दोन्ही ठिकाणं शून्याच्या दोन बाजूंना आहेत, म्हणून बेरीज: १२० + ९० = २१०°. भागिले १५, म्हणजे १४ तास. आपण पूर्वेकडे चाललो आहोत, म्हणून मिळवायचे. रात्री ८ नंतर १४ तास म्हणजे मंगळवार सकाळचे १०. वार लिहायला विसरलात तर उत्तर अर्धवट राहिलं. आणि दोन्ही ठिकाणं शून्याच्या एकाच बाजूला असतील तर वजाबाकी करून अंतर काढायचं, बेरीज नाही. उत्तरपत्रिकेत आडवी रेघ मारून त्यावर तिन्ही रेखावृत्तं टिपून घ्या. मग चूक करायलाच जागा राहत नाही.

स्थानिक वेळ आणि प्रमाणवेळ यांत गल्लत होत असेल तर चीन आठवा. देश सुमारे ७३° पूर्वपासून १३५° पूर्वपर्यंत पसरलेला, म्हणजे दोन टोकांच्या स्थानिक वेळेत चार तासांहून जास्त फरक. तरी प्रमाणवेळ एकच, १२०° पूर्व रेखावृत्ताची. त्यामुळे पश्चिम टोकाला घड्याळात सकाळ उजाडलेली असते आणि बाहेर अंधार असतो.

मोठ्या प्रमाणाचा नकाशा म्हणजे मोठा प्रदेश दाखवणारा ना?

उलट. १:५०,००० हे १:१०,००,००० पेक्षा मोठं प्रमाण आहे. हे अपूर्णांक आहेत हे लक्षात ठेवलं की भांडण मिटतं: एकाचा पन्नास हजारावा भाग हा एकाच्या दहा लाखाव्या भागापेक्षा मोठाच. मोठं प्रमाण म्हणजे लहान प्रदेश आणि भरपूर तपशील.

अंतराची गणितं सोपी असतात. १:५०,००० मध्ये १ सेंटीमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर, म्हणून ६.४ सेंटीमीटर म्हणजे ३.२ किलोमीटर. नदी किंवा वळणाचा रस्ता मोजायचा तर त्यावर दोरा ठेवून तो पट्टीवर ताणा. खरा सापळा क्षेत्रफळात आहे. नकाशावर ३ × २ सेंटीमीटरचं शेत दिसतंय; मुलं ६ ला ०.५ ने गुणून ३ चौरस किलोमीटर लिहितात. आधी बाजू बदला, मग गुणा: १.५ × १ = १.५ चौरस किलोमीटर.

समोच्च रेषा बघितल्या की डोकं बंद पडतं.

हाताची मूठ वळा. बोटांच्या उंचवट्यांभोवती पेनाने एकात एक अशी तीन-चार कडी काढा. प्रत्येक कडं टेबलापासून एकाच उंचीवर राहील असं बघा. आता मूठ उघडून हात सपाट ठेवा आणि वरून बघा. समोर दिसतो तो समोच्च रेषांचा नकाशा. जिथे मूठ खडी होती तिथे रेषा चिकटलेल्या, जिथे उतार मंद होता तिथे पसरलेल्या. वर्गात हा उद्योग झाला की पुढे आठवडाभर सगळ्यांचे हात निळे असतात, पण रेषा विसरत नाहीत.

दरी आणि सोंड (डोंगराचा पुढे आलेला निमुळता भाग) ओळखताना आकड्यांकडे बघा, आकाराकडे नंतर. 'व्ही'चं टोक जास्त उंचीच्या आकड्याकडे असेल तर ती दरी, कमी उंचीकडे असेल तर सोंड. दरीत बहुधा ओढ्याची निळी रेघही सापडते, आणि टोक नेहमी ओढ्याच्या उगमाकडे बोट दाखवतं. दोन लगतच्या रेषांच्या उंचीत किती मीटरचा फरक आहे हे नकाशाच्या तळाशी लिहिलेलं असतं. ते आधी वाचा, नाहीतर डोंगर दुप्पट उंच होतो.

आलेखावरच्या प्रश्नात 'वाढले, कमी झाले' याच्या पुढे काय लिहायचं?

सर्वांत जास्त, सर्वांत कमी, त्यांतला फरक, आणि नियमाला सोडून वागणारा एखादा आकडा. प्रत्येक विधानामागे आकडा आणि एकक. "पाऊस खूप पडतो" याला गुण मिळेलच असं नाही. "जुलैत सर्वाधिक, सुमारे इतके मिलिमीटर" याला मिळतो.

तापमान आणि पावसाचा एकत्र आलेख आला की मी तीन गोष्टी याच क्रमाने बघायला सांगतो. तापमानाची रेघ मध्ये उंच आहे की मध्ये खोल? जून-जुलैत खोल असेल तर ठिकाण दक्षिण गोलार्धातलं. ही एक नजर टाकली नाही म्हणून केप टाऊनला युरोपात नेऊन ठेवणारे विद्यार्थी दर वर्षी भेटतात. दुसरं, वार्षिक तापमानकक्षा, म्हणजे सर्वांत उष्ण आणि सर्वांत थंड महिन्याच्या तापमानातला फरक, किती? दोन-तीन अंश असेल तर विषुववृत्ताच्या आसपास, तीस-चाळीस असेल तर समुद्रापासून दूर, खंडाच्या आत. तिसरं, पाऊस कोणत्या ऋतूत? उन्हाळा कोरडा आणि हिवाळा ओला असेल तर भूमध्य सागरी हवामान. केप टाऊनचं तसंच आहे.

आलेख काढायचा असेल तर उभ्या अक्षाचं प्रमाण आधी ठरवा आणि ते लिहा. विभाजित वर्तुळात १ टक्का म्हणजे ३.६°, सगळ्या कोनांची बेरीज ३६०° येते का, हे कोनमापक हातात घेण्याआधीच बघा.

सारखे वाटणारे शब्द कसे वेगळे ठेवायचे?

परिवलन स्वतःभोवती, परिभ्रमण सूर्याभोवती. 'परिभ्रमण'मध्ये भ्रमण आहे, भ्रमणाला बाहेर जावं लागतं. अक्षवृत्त ही रेषा, अक्षांश हे तिचं अंशांतलं मूल्य. हवा आजची, हवामान अनेक वर्षांच्या सरासरीचं. विदारणात खडक जागच्या जागी फुटतो. क्षरणात तो झिजतो आणि झिजलेला माल वारा, पाणी किंवा बर्फ उचलून नेतो. भूकंपाची नाभी जमिनीत खोल, अपिकेंद्र तिच्या बरोबर वर भूपृष्ठावर.

वहीच्या शेवटच्या पानावर अशा जोड्यांची स्वतःची यादी ठेवा. दुसऱ्याची यादी उपयोगाची नाही. प्रत्येकाचा गोंधळ वेगळ्या जोडीत असतो.

किती आकडे आणि उदाहरणं पाठ करावीत?

थोडी, पण अशी की एकेक उदाहरण चार प्रश्नांत चालेल. अरल समुद्र हे माझ्या आवडीचं. मध्य आशियातलं, एकेकाळी जगात चौथ्या क्रमांकाचं असलेलं सरोवर. १९६० च्या दशकापासून अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचं पाणी कापसाच्या शेतीकडे वळवलं गेलं. सरोवर आटत गेलं, उरलेलं पाणी खारट झालं, मासेमारी बुडाली, उघड्या पडलेल्या तळावरची क्षारयुक्त धूळ वाऱ्याने शेतांवर पसरली. २००५ मध्ये कझाकस्तानात कोकराल बांध पूर्ण झाल्यावर उत्तरेकडच्या लहान भागात पाणी आणि मासे परतले. आता मोजा: जलसिंचनाचे दुष्परिणाम, अंतर्गत जलप्रणाली, जमीन नापीक होणं, पर्यावरण सुधारण्याचे उपाय. एका उदाहरणावर चार प्रश्न.

दुसरं, जोडीची उदाहरणं ठेवा. १२ जानेवारी २०१० ला हैतीत ७.० तीव्रतेचा भूकंप झाला. २७ फेब्रुवारी २०१० ला चिलीत ८.८ तीव्रतेचा. तीव्रतेच्या मोजपट्टीवर एक पायरी वाढली की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते, म्हणजे चिलीचा भूकंप हैतीपेक्षा शेकडो पट शक्तिशाली. तरी चिलीत मृतांची संख्या शेकड्यांत राहिली आणि हैतीत ती एक लाखाच्या पुढे गेल्याचे अंदाज आहेत. हैतीच्या भूकंपाची नाभी उथळ होती आणि राजधानी जवळच होती; घरं कच्ची, बांधकामाचे नियम नावापुरतेच. चिलीत १९६० च्या महाभूकंपाचा अनुभव होता आणि भूकंपरोधक बांधकामाचे नियम पाळले जात होते. 'आपत्तीची हानी कशावर अवलंबून असते' या प्रश्नाला याहून नेमकं उदाहरण क्वचित सापडेल.

मानवी भूगोल सोपा वाटतो, गुण मात्र तिथेच जातात. असं का?

सोपा वाटतो म्हणून. मुलं सामान्यज्ञानावर लिहितात: "लोकसंख्या वाढल्यामुळे समस्या निर्माण होतात." कोणत्या, कुठे, कशामुळे, हे येतच नाही.

लोकसंख्येची घनता म्हणजे लोकसंख्या भागिले क्षेत्रफळ, हे सूत्र सगळे लिहितात. पण इजिप्तचा वितरणाचा नकाशा समोर ठेवला तर सरासरी घनता किती फसवी आहे ते दिसतं. देशाचा बहुतांश भाग वाळवंट आहे आणि जवळजवळ सगळे लोक नाईलच्या काठचा चिंचोळा पट्टा आणि तिचा त्रिभुज प्रदेश यांत राहतात. सरासरी आकडा ना वाळवंटाला लागू, ना नदीकाठाला. घनतेच्या उत्तरात वितरणाचं एक वाक्य घाला, उत्तराची पातळी बदलते.

तसाच दुसरा खड्डा: वृद्धिदर कमी झाला म्हणजे लोकसंख्या कमी झाली, असं धरून चालणं. जगाचा वृद्धिदर १९६० च्या दशकात वर्षाला २ टक्क्यांच्या वर गेला होता, आता तो १ टक्क्याच्याही खाली आला आहे. पण १९६० मध्ये सुमारे ३ अब्ज असलेली लोकसंख्या २०२२ मध्ये ८ अब्ज झाली. गाडीचा वेग कमी झाला तरी गाडी पुढेच जात असते.

वारंवार वाचूनही आठवत नाही. अभ्यासाची पद्धत चुकतेय का?

बहुधा. दोनदा वाचलेलं पान ओळखीचं वाटतं आणि त्या ओळखीलाच आपण 'येतंय' समजतो. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हे तपासून पाहिलं. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांना जास्त आठवत होतं. परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

म्हणून धडा वाचला की पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर एक कच्चा नकाशा किंवा बाणांची साखळी काढा. तोच धडा तीन दिवसांनी, मग आठवड्याने, असा पुन्हा आठवून बघा. परीक्षा आठवड्यावर आली असेल तर नवे धडे उघडण्यापेक्षा रोज एक कोरा नकाशा, एक आलेख आणि दोन 'कारणे द्या' घड्याळ लावून लिहा.

उपग्रहचित्रं आणि व्हिडिओ बघून फायदा होतो का?

व्हिडिओ बघताना हातात पेन्सिल असेल तर. नाहीतर तो करमणुकीचा वेळ धरा. उपग्रहचित्रांचं मात्र मी आग्रहाने सांगतो. ॲमेझॉनच्या खोऱ्यात जुरुआ नदी शोधा आणि मोठी करून बघा: नागमोडी वळणं, तुटायला आलेली वळणं आणि शेजारीच तुटून पडलेली नालाकृती सरोवरं, सगळे टप्पे एका चित्रात. मग नाईलचा पंख्यासारखा त्रिभुज प्रदेश आणि मिसिसिपीचा पक्ष्याच्या पायासारखा, दोन्ही शेजारी ठेवा. मिसिसिपी आपला गाळ थेट समुद्रात बोटांसारखा ढकलत नेते. नाईलच्या मुखाशी लाटा तो किनाऱ्याला समांतर पसरवतात. ही दोन चित्रं पाहिलेला विद्यार्थी व्याख्या चुकला तरी आकृती चुकत नाही.

पेपर पूर्ण होत नाही. वेळ कसा बसवू?

एकूण मिनिटांतून पंधरा बाजूला काढा आणि उरलेल्यांना एकूण गुणांनी भागा. दोन तासांचा ६० गुणांचा पेपर असेल तर एका गुणाला पावणेदोन मिनिटं. म्हणजे तीन गुणांच्या उत्तराला पाच मिनिटांच्या थोडं वर, दहा नाही. नकाशा आणि आलेख सुरुवातीच्या अर्ध्या तासात उरका. हात स्थिर असतो, आणि तिथे पूर्ण गुण मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

उत्तर येतच नसेल तर जागा कोरी सोडावी का?

मुळीच नाही. ठिकाण कोणत्या गोलार्धात आहे, समुद्राजवळ की खंडाच्या आत, डोंगराच्या वाताभिमुख बाजूला की वातविन्मुख, एवढं तरी नकाशावरून सांगता येतंच, आणि त्यातूनच बऱ्याचदा उत्तराचा धागा हाती लागतो. दक्षिण अमेरिकेच्या दक्षिणेकडचा पॅटागोनिया कोरडा का हे आठवत नसेल तर छोटी आडवी आकृती काढा: डावीकडे प्रशांत महासागर, मध्ये अँडीज, पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्याचा बाण. बाण डोंगरावर चढवा, चढताना पाऊस पाडा, पलीकडे उतरवा. उत्तर तुमच्याच आकृतीत उजव्या बाजूला दिसेल. तिथे 'पर्जन्यछायेचा प्रदेश' असं लिहा आणि पुढच्या प्रश्नाकडे वळा.